आधी वायरिंग, मग गाडी, शेवटी सोलर: बेळगाव भागातल्या घरासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सोलरची चौकशी सुरू केली की पहिला सल्ला बहुधा कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून येतो. "आम्ही तीन किलोवॅट बसवलं, बिल शून्य, तुम्हीपण बसवा." सल्ला मनापासूनचा असतो, पण पाहुणे महाराष्ट्राच्या महावितरणचे ग्राहक आणि आपण कर्नाटकच्या हेस्कॉम वीज कंपनीचे. तिकडे जादा तयार झालेली युनिट्स पुढच्या महिन्यात ओढता येतात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो. आपल्याकडे हिशेब त्या त्या बिलात लागतो, आणि शिल्लक युनिट्सना मिळणारा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. शिवाय आपल्याकडे गृहज्योतीची मोफत वीज आहे. पाहुण्यांचं गणित जसंच्या तसं उचललं तर फसायला होतं.

इलेक्ट्रिक गाडी आणि सोलर ही दोन्ही कामं एकत्र डोक्यात असतील तर क्रम असा ठेवा: बिल बघा, वायरिंग आणि अर्थिंग करून घ्या, गाडी घ्या, दोन-तीन महिने बिलं बघा, आणि मग सोलर किती किलोवॅटचं ते ठरवा. सोलरवाले हा क्रम उलटा सांगतात. त्यांचा धंदा आहे, त्यांना बोल लावायला नको.

बिलात काय बघायचं

हेस्कॉमचं बिल समोर ठेवा. कन्नड वाचता येत नसलं तरी आकडे वाचता येतात. तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, आरआर नंबर, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा नंबर, आणि त्याखालचा अकाउंट नंबर. पुढच्या प्रत्येक अर्जात तोच लागतो. दुसरी, मंजूर भार, म्हणजे सॅंक्शन्ड लोड. जुन्या घरांत तो बरेचदा एकच किलोवॅट असतो, आणि घरात मात्र मिक्सर, मोटर, फ्रीज, गिझर सगळं चालू असतं. तिसरी, महिन्याची युनिट्स. एका महिन्यावर जाऊ नका, वर्षभराची काढा. एप्रिल-मेचा पंखा आणि जुलैचा पाऊस यांत बराच फरक पडतो.

आता गृहज्योती. २०२३ पासून सुरू असलेल्या या योजनेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत असं म्हणतात, पण प्रत्येकाला २०० मोफत नाहीत. २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरीवर १० टक्के धरून तुमची हद्द ठरलेली आहे. सरासरी १२० होती तर हद्द १३२. त्यापुढे गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. आणि महिन्याला २०० ओलांडले तर सगळं बिल भरायचं, मोफतचा भाग त्या महिन्यापुरता गेला. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यानं ही २०० ची रेघ पाठ करून ठेवावी.

दर किती धरायचा? २०२५-२६ च्या दरपत्रकात घरगुती वीज सपाट ५ रुपये ८० पैसे युनिट होती, त्यावर ३६ पैशांचा पेन्शन अधिभार आणि ९ टक्के वीजकर. स्थिर आकार मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॅटला महिना १४५ रुपये. हिशेबाला युनिटला साडेसहा रुपये धरा, स्थिर आकार वेगळा. दरपत्रक दर वर्षी बदलतं, ताजं बिल बघून आकडा दुरुस्त करून घ्या.

गाडी किती युनिट खाते

इलेक्ट्रिक स्कूटर, मग ती आयक्यूब असो, चेतक असो की एथर, आपल्या रस्त्यांवर चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटात साधारण ३० किलोमीटर जाते. कंपनीचा आकडा जास्त असतो, तो सोडून द्या. गावाहून बेळगावला कामाला येणाऱ्याचं दिवसाचं ४० किलोमीटर धरलं तर महिन्याला ४० युनिट, म्हणजे पूर्ण दरानं २६० रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोलच्या गाडीत अडीच हजारांच्या वर जातात.

वरच्याच घरात ही स्कूटर आणा. १२० अधिक ४०, झाले १६०. हद्द १३२ ची, म्हणजे २८ युनिटांचे १८० रुपयांच्या आसपास आले. पण मे महिन्यात घराचंच १६५ झालं तर गाडीसकट २०५, आणि मग दोन किलोवॅट मंजूर भाराचा स्थिर आकार धरून सोळाशेच्या आसपास बिल. पाच युनिटांसाठी! त्यामुळे स्कूटर घेतलेल्यानं उन्हाळ्यात महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमाराला मीटर वाचावा. जवळ आलो असं दिसलं तर आठवडाभर चार्जिंग कामाच्या ठिकाणी किंवा बाहेर करावं. तेवढ्यानं रेघ पार होत नाही.

माझं स्पष्ट मत: घरात फक्त स्कूटर येणार असेल आणि वर्षातले दहा महिने बिल गृहज्योतीत बसत असेल, तर सोलरची घाई करू नका. साठ-सत्तर हजार रुपये घालून महिन्याचे दोनशे रुपये वाचवायचे, याला व्यवहार म्हणत नाहीत.

चारचाकीचं वेगळं. टियागो, पंच, कॉमेट अशा लहान गाड्या युनिटला साडेसहा किलोमीटरच्या आसपास जातात. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर दीडशेच्या वर युनिट. घराची १२० आणि ही, मिळून २७५. गृहज्योतीची रेघ दर महिन्याला ओलांडणार. हे सोलरचं गिऱ्हाईक. तसंच ज्यांचं घर आधीच २०० च्या वर आहे, वरचा मजला, एसी, एकत्र कुटुंब, त्यांचंही.

वायरिंग आणि अर्थिंग: इथे कंजुषी नको

नवी स्कूटर घरी आली, प्लग लावला, आणि चार्जरवर लाल दिवा. गाडी चार्जच होत नाही. शोरूमला फोन केला की ते म्हणतात, तुमचं अर्थिंग बघा. खेड्यातल्या घरांत आणि शहापूर-वडगावच्या जुन्या वाड्यांत हे नेहमीचं. मग गल्लीतला वायरमन येतो, सॉकेट उघडतो, न्यूट्रलच्या खिळ्यापासून अर्थच्या खिळ्याला एक बारीक वायर जोडतो, दिवा हिरवा होतो, शंभर रुपये घेतो आणि जातो.

ही जोडणी जीवघेणी आहे. खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल कधीतरी सैल होतो, तुटतो. तसं झालं की घरातल्या उपकरणांतून फिरलेला करंट त्या बारीक वायरीवाटे अर्थच्या पिनेत येतो, आणि तिथून गाडीच्या धातूच्या अंगावर. फरशी ओली, पाय अनवाणी, हात हॅंडलवर, एवढं पुरतं. तुमच्या सॉकेटमध्ये अशी वायर दिसली तर आजच काढून टाका.

अर्थिंग खरंच आहे का, हे मल्टिमीटर असलेल्या कोणाही वायरमनला पाच मिनिटांत सांगता येतं. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांत २३० च्या आसपास यायला हवेत. फेज आणि अर्थ यांतही जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ मध्ये १४०-१५० दाखवत असेल तर अर्थची वायर लावलेली आहे एवढंच, खाली जमिनीशी तिचा संबंध धड नाही. आणि न्यूट्रल-अर्थ मध्ये बरोबर शून्य येत असेल तर खूश होऊ नका, सॉकेट उघडा. आत वरची ती बारीक वायर असण्याची शक्यता मोठी.

जमिनीचाही फरक आहे. अथणी, रायबाग, गोकाकच्या काळ्या मातीत एक रॉड ठोकला तरी काम होतं. खानापूर, जांबोटीकडच्या जांभ्यात तसं नाही. वर वीतभर तांबडी माती आणि खाली दगड. पावसात अर्थिंग छान लागतं आणि मार्चनंतर नाहीसं होतं. तिथे तीन मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती ओल धरून ठेवणाऱ्या बेंटोनाईट मातीची भर, आणि एकानं भागत नसेल तर तीन मीटर अंतरावर दुसरा रॉड घालून दोन्ही जोडायचे. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर त्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहावं लागतं, आणि ते कोणी घालत नाही. मोजणी अर्थ टेस्टरनं उन्हाळ्यातच करा, पाच ओहमच्या आत यायला हवं.

आता तार. स्कूटरचा चार्जर चार-पाच अँपिअरच ओढतो, त्याला चांगलं अडीच चौरस मिलिमीटरचं तांबं पुरतं. चारचाकीचा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर सलग आठ-आठ तास चालतो. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर, म्हणून गिझरचं सॉकेट गाडीला देऊ नका. मीटरजवळच्या मुख्य बोर्डपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तार ओढा, तिला स्वतःचा २० अँपिअरचा एमसीबी (लोड वाढलं की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. आरसीसीबी म्हणजे करंट बाहेर गळला की क्षणात लाईन तोडणारा स्विच. अर्थिंग कमकुवत असलेल्या आपल्या भागात तो सगळ्यात आधी हवा. सात किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर घेणार असाल तर ३२ अँपिअर, कमीत कमी सहा चौरस मिलिमीटर, अंतर लांब असेल तर दहा. त्यासाठी मंजूर भारही वाढवावा लागेल, आणि भार वाढला की स्थिर आकार वाढला. रात्री गाडी दारात उभीच असते, घरच्या बहुतेकांना सात किलोवॅटची गरज नसते.

एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. खात्री करायची असेल तर अर्धा तास चार्जिंग झाल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावा. कोमट ठीक. चटका बसला, किंवा पिनांभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी दिसलं, तर सॉकेट बदला.

गाडी कुठे लावायची? गोठ्याच्या कडेला कडब्याची गंजी, निपाणीकडच्या घरांत तंबाखूची पोती, वडगावात सुताचे गठ्ठे, यांच्या शेजारी नको. २०२२ मधल्या स्कूटरच्या आगींनंतर बॅटरीचे नियम कडक झाले आणि गाड्या सुधारल्या, तरी ठिणगी प्लगमध्येही पडते. भर उन्हातून आलेली गाडी अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्या आणि मग प्लग लावा.

मळ्यातलं घर

हे वेगळं लिहायला हवं, कारण आपल्याकडे गावापेक्षा रानात राहणारी घरं खूप. गावठाणाला निरंतर ज्योती योजनेच्या वेगळ्या फीडरवरून, म्हणजे पुरवठ्याच्या वेगळ्या लाईनवरून, चोवीस तास वीज येते. मळ्यातलं घर मात्र बरेचदा पंपांच्या फीडरवर असतं. तिथे थ्री फेज दिवसाला सात तास, कधी दिवसा कधी रात्री, बाकी वेळ सिंगल फेज किंवा काहीच नाही.

पहिली गोष्ट, पंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करू नका. १० एचपीपर्यंतच्या पंपांना सरकार मोफत वीज देतं ती शेतीसाठी. त्यावर घर किंवा गाडी चालवली की तो गैरवापर होतो आणि दंडाची पाळी येते. यंत्रमागाच्या मीटरचंही तसंच, तिथला दर वेगळ्या कामासाठी दिलेला आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ग्रिडला, म्हणजे हेस्कॉमच्या लाईनला, जोडलेलं सोलर लाईनमध्ये वीज असेल तेव्हाच चालतं. लाईनमन खांबावर काम करत असताना तुमच्या छतावरचा करंट त्याच्या तारेत जाऊ नये म्हणून लाईट गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. म्हणजे भर दुपारी रखरखीत ऊन आहे, फीडर बंद आहे, आणि तुमचं दोन लाखांचं सोलर नुसतं उभं आहे. दिवसा चार तास वीज नसेल तर उत्पादनातला मोठा तुकडा गेला. मळ्यातल्या घराला पाहुण्यांचं तीन किलोवॅट लागू पडत नाही, ते यामुळे.

तिसरं, व्होल्टेज. शेजारचे शेतकरी सिंगल फेजवर कन्व्हर्टर लावून मोटारी चालवतात, तेव्हा लाईन कधी १६० तर कधी २७० दाखवते. सोलरचा इन्व्हर्टर ठरलेल्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेलं की बंद पडतो. गाडीचा चार्जरही रुसतो. सोलरचा विचार करण्याआधी आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळचं व्होल्टेज वहीत लिहून ठेवा. लाईनच्या शेवटच्या टोकाला असाल तर हे टाळूच नका.

मग मळ्यात करायचं काय? एकतर गावठाणाच्या फीडरवरून घराचं कनेक्शन मिळतं का ते बघा. नाहीतर हायब्रिड, म्हणजे लाईट गेल्यावरही सोलर-बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी, पण ती खर्चाची बाजू. स्कूटरपुरतं बोलायचं तर दुपारच्या उन्हात थेट सोलर-बॅटरीवर गाडी चार्ज करणं हायब्रिडवर जमतं. घरातल्या जुन्या इन्व्हर्टरवर, म्हणजे १५० एएचच्या एका बॅटरीवर, जमत नाही. त्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, वापरण्याजोगी निम्मी. स्कूटर ती रिकामी करेल आणि रात्री घर अंधारात.

छत बघताना

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. ५५० वॉटचं एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब, मीटरभराहून थोडं रुंद आणि तीसेक किलो वजनाचं. आपलं अक्षांश १६ च्या जवळ, म्हणून पॅनेल दक्षिणेला तोंड करून साधारण १५ अंश कलते. दक्षिण मिळत नसेल तर पूर्व-पश्चिम चालते, थोडं उत्पादन कमी.

सावली सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात छतावर जाऊन बघा, आणि शक्यतो डिसेंबरात, तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. आपल्याकडे दोन सावल्या नेहमी विसरल्या जातात. एक, आधीच बसवलेल्या सोलर वॉटर हीटरच्या टाकीची. दुसरी, शेजाऱ्याच्या मजल्याची. खासबाग-शहापुरात भिंतीला भिंत लागून घरं आहेत, शेजारी पुढच्या वर्षी वर चढवणार असेल तर तुमची दुपार गेली. विचारून घ्या, वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

कौलारू घरावर पॅनेल घालू नका. मंगळुरी कौलांवर माणूस चढला की दहा कौलं फुटतात, पावसाळ्यात गळती सुरू, आणि जुन्या वाशांना वजनही पेलत नाही. खानापूर भागात गोठ्यावर किंवा परसात वेगळा जीआयचा सांगाडा उभा करणं बरं. पत्र्याला क्लॅम्प मिळतात, पण आधी खालचे अँगल गंजलेत का ते बघा. घाटाकडचा वारा आणि मेमधला वळीव दोन्ही सांगाड्याची परीक्षा घेतात. सांगाडा गरम बुडवून जस्त चढवलेला असावा, रंग मारलेलं काळं लोखंड पाच पावसाळे काढत नाही. माकडांचा त्रास असेल तर वायरी पाइपातून न्या.

किती किलोवॅट आणि किती पैसे

वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅट दिवसाला चार युनिट देतो. फेब्रुवारी ते मे साडेचारच्या आसपास. जुलै-ऑगस्टात खानापूर, कणकुंबीकडे ते निम्म्यावर येतं, अथणी-कागवाडकडे तेवढं पडत नाही. म्हणून एकाच तालुक्याचा अनुभव दुसऱ्याला सांगू नये.

हिशेब महिन्याच्या बिलातच मिटत असल्यानं मोठं सोलर घालून उन्हाळ्यात ढीगभर युनिट्स हेस्कॉमला स्वस्तात द्यायची आणि पावसाळ्यात महागात घ्यायची, यात अर्थ नाही. सरासरी वापराच्या थोडं खालचं सोलर घ्या. २७५ युनिटांच्या घराला दोन किलोवॅट, म्हणजे महिन्याला २४० युनिट, बरोबर बसतं. पुढे दुसरी गाडी येणार असेल तर इन्व्हर्टर तीनचा आणि पॅनेल आत्ता दोनचे, असं विक्रेत्याशी बोला.

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान आहे. तीन किंवा त्याहून जास्त कितीही बसवा, ७८,००० च्या वर मिळत नाही. योजना मार्च २०२७ पर्यंत. सरकारनं धरलेली किंमत पहिल्या दोन किलोवॅटला ५०,००० रुपये किलोवॅट आहे. बाजारात ५० ते ६५ हजार सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे कोटेशन त्यानंतरच्या दरानं आहे का ते तपासा. दोन किलोवॅट १,२०,००० ला पडलं तर अनुदान जाऊन ६०,००० घरचे. महिन्याला १,५०० च्या आसपास वाचले तर साडेतीन वर्षांत वसूल. स्थिर आकार मात्र सोलर बसवलं तरी येतच राहतो, त्यामुळे "बिल शून्य" ही जाहिरातीची भाषा.

अनुदानाला डीसीआर पॅनेल लागतात, म्हणजे आतल्या सेलसकट भारतात बनलेले. बिगर-डीसीआर स्वस्त पडतात, पण अनुदान जातं. विक्रेता "तेच आहे हो" म्हणाला तरी सिरियल नंबरसकट डीसीआरचं प्रमाणपत्र मागा.

आणि गृहज्योतीबद्दल: सोलर आल्यावर तुमच्या खात्यावर ती सवलत कशी लागेल हे अर्जाआधी हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात जाऊन विचारा, तुमच्याच आरआर नंबरवर, आणि उत्तर लेखी मागा.

अर्जाच्या वाटेतले खड्डे

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर होतो. राज्य कर्नाटक, कंपनी हेस्कॉम, अकाउंट नंबर, मोबाईल. २०२४ च्या नियमबदलानंतर १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट नाही, मंजुरी मानूनच चालतात. पुढे यादीतला विक्रेता निवडायचा, बसवून घ्यायचं, दुतर्फी (नेट) मीटर लावून तपासणी, मग प्रमाणपत्र आणि बँकेचा तपशील. अनुदान थेट खात्यात येतं. ते विक्रेत्याच्या खात्यात वळवू नका.

अडतं कुठे? नावात. आरआर नंबर आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या, आधार तुमचं. आधी मीटर नावावर करून घ्या. गावातल्या घराला पंचायतीचा ई-स्वत्तूचा उतारा लागतो, नमुना ९ आणि ११. शिवाय आपल्याकडची खास अडचण: कन्नडमधून इंग्रजीत आणि मराठीतून इंग्रजीत एकच आडनाव दोन स्पेलिंगनी लिहिलं जातं. बिल, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. न जुळल्यास दुरुस्ती आधी, अर्ज नंतर. यातली कोणती कामं ग्राम वन किंवा बेळगाव वन केंद्रात होतात ते विचारून घ्या. कन्नड फॉर्म तिथं वाचून घ्या, न समजता सही करू नका. विशेषतः हेस्कॉमसोबतचा करार २५ वर्षांचा असतो, त्यातला जादा युनिटांचा दर आणि हिशेबाचा काळ या दोन ओळी कोणाकडून तरी वाचून घ्याच.

फ्लॅटमध्ये राहत असाल, टिळकवाडीत वगैरे, तर २०२४ च्या त्याच नियमबदलात गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागण्याची सोय आहे. सोसायटीच्या जिन्याच्या मीटरवर गाडी लावून भांडणं ओढवून घेण्यापेक्षा ते बरं.

बसवायला माणसं आली की

घरचं कोणीतरी छतावर असावं. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत: डीसी, एसी आणि वीजरोधक. एप्रिल-मेमध्ये वळवाबरोबर विजा पडतात, तेव्हा "एकातच जोडतो" हे चालवून घेऊ नका. इन्व्हर्टर सावलीत, हवा खेळेल असा, आणि गोठ्यातल्या धुरापासून लांब. स्लॅबमध्ये खिळे मारून सांगाडा बसवत असतील तर भोकात रसायन भरतात का ते बघा, नाहीतर पहिल्या पावसात खालच्या खोलीत ओल. पॅनेलच्या सिरियल नंबरचे फोटो बसवण्याआधी काढा, वर गेल्यावर ते दिसत नाहीत. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे, ती कागदावर घ्या. आणि शेवटचा हप्ता मीटर चालू झाल्यावरच.

नंतरची निगा

दसऱ्यानंतर कारखाने सुरू झाले की चिमणीची काजळी आणि शेतात जाळलेल्या पाचटाची राख पॅनेलवर बसते. चिकोडी, निपाणी, अथणीकडे मार्चपर्यंत आठवड्याला एकदा धुवायला हवं. सकाळी लवकर, काच थंड असताना, मऊ कापडानं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग धरतात, शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याचा द्या. खानापूरकडे उलट, पावसाळ्यात पॅनेलच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं, गणपतीच्या आधी एकदा पुसून घ्या.

गाडी कधी चार्ज करायची? पैशाच्या दृष्टीनं रात्री की दिवसा याचा फरक नाही, कारण घेतलेलं आणि दिलेलं महिन्याअखेर वजा होतं. फरक व्होल्टेजचा पडतो. संध्याकाळी सात ते दहा सगळ्या गावाचं लोड असतं, तेव्हा न लावता दहानंतर लावा. सोलरवाल्यांच्या गल्लीत दुपारी व्होल्टेज फार चढून इन्व्हर्टर बंद पडत असेल, तर सुट्टीच्या दिवशी दुपारीच गाडी लावा. तुमचीच वीज तुमच्याच गाडीत गेल्यावर लाईनवरचा ताण उतरतो.

नेट मीटर लागल्यावरची पहिली दोन बिलं ओळ अन् ओळ वाचा. घेतलेली युनिट्स, दिलेली युनिट्स आणि वजाबाकी अशा तीन आकड्यांची जुळणी मीटरच्या फोटोशी करा. दिलेल्या युनिटांच्या जागी शून्य छापून आलं तर मीटरची नोंद अजून झालेली नाही असं समजा. बिल भरण्याआधी १९१२ वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक बिलावरच लिहून ठेवा, आणि त्याची प्रत सेक्शन ऑफिसात देऊन पोच घ्या.